वेदीची भाकर आणि शनिवारचा बाजार

शनिवारी पहाटे उठल्यावर उस्तिन्या सावेल्येव्ना आधी भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे बघून म्हणायची, "येरोफेय, काही चुकलं असेल तर माफ कर." मग त्याच्या वतीने उत्तरही स्वतःच द्यायची, "देव माफ करील." एवढं झालं की बाह्या वर सारून ती पिठात हात घालायची.

हा रिवाज काही तिने काढलेला नव्हता. वेदीसाठी भाकर करणाऱ्या बाईचं कुणाशी वाकडं असता कामा नये, घरात जे कोणी असेल त्याची माफी मागूनच परातीला हात लावायचा, असं सासूने तिला शिकवलं होतं. आता घरात फोटोशिवाय कोणी उरलंच नाही, त्याला ती काय करणार? एकोणीस वर्षं ती ही भाकर करत होती, आणि नवरा गेल्यापासून जिवंत माणसाची माफी मागायची वेळ तिच्यावर आली नव्हती. म्हणजे तिच्या मते आली नव्हती. कराताल नदीच्या काठावरच्या त्या गावात बाकीच्यांचं मत विचारायला गेलं असतं तर अर्धा दिवस मोडला असता.

भाकर म्हणायची, पण ती असते मुठीएवढी, गुबगुबीत, दोन मजली. खालची चकती वेगळी, वरची वेगळी. ख्रिस्त देवही होता आणि माणूसही, म्हणून दोन. मध्ये कोमट पाण्याचं बोट फिरवून एकीवर एक बसवायची, वर लाकडी मुद्रेने क्रूस उठवायचा आणि विणायच्या सुईने आरपार टोचायचं, नाहीतर आत हवा राहते आणि क्रूस फाटतो. पाच मोठ्या वेदीवर जातात. लहान तीसेक असतात. ज्याने आपल्या जिवंत नि मेलेल्या माणसांची नावं चिठ्ठीवर लिहून दिली, त्याला उपासनेनंतर त्यातली एक मिळते. उस्तिन्या शनिवारी संध्याकाळी टोपलीवर पांढरं फडकं घालून चर्चच्या बाजूच्या दाराशी जायची, टोपली आत द्यायची आणि मागे फिरायची. आभार ऐकायला थांबायची नाही. मात्र वाटेत भेटेल त्याला "आत्ताच वेदीची भाकर देऊन आले, पाठ नुसती मोडली बघ" हे सांगायला थांबायची. ते वेगळं.

गेल्या शरदात क्लावदिया नोगाय तिच्याकडे आली होती. क्लावदिया कोरियन, पंचावन्नची विधवा. बाजारात गाजराची कोशिंबीर विकायची आणि सोमवारी चर्चची फरशी पुसायची. दारातच उभी राहून म्हणाली, "मावशी, मला भाकर शिकवाल का? तुमच्या हाताखाली काहीही करीन."

"तू?" उस्तिन्या म्हणाली. "तुझ्या हातांत वीस वर्षांचा लसूण मुरलाय, क्लावा. देवाच्या भाकरीला फोडणी द्यायची आहे का?"

क्लावदिया हसली आणि गेली. नाताळाआधीच्या उपासकाळात पुन्हा आली, तर उस्तिन्याने पुन्हा नाक धरलं. "शी! फाटकापासून वास येतोय गं तुझा. जा बाई, जा."

आता खरं सांगायचं तर उपासकाळात उस्तिन्याला कशाचाही वास येत नव्हता. नोव्हेंबरात तिला ताप आला, तीन आठवडे अंथरुणात काढले. ताप उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. कांदा, साबण, ओली माती, सगळं सारखंच. चहा म्हणजे गरम पाणी. हे तिने कुणालाही सांगितलं नाही. डॉक्टरला नाही, पोरीला फोनवर नाही, फादरना पापकबुलीतही नाही. हात आहेत, डोळे आहेत, पीठ बोटांना कळतं, नाकाचं काय एवढं? बाजारात लोक टरबूज हुंगतात तसं तीही हुंगायची, मान डोलवायची.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी येरोफेयला जाऊन दहा वर्षं झाली. उस्तिन्या एरवी चिठ्ठी देत नसे. "मी नावं पीठ मळतानाच घेते, मला कागद कशाला?" असं म्हणायची, आणि उपासना संपली की अंगणापलीकडच्या स्वयंपाकघरात ताटं विसळायला जायची. पण दहा वर्षं म्हणजे दहा वर्षं. तिने चारचौघींसारखी चिठ्ठी लिहिली, 'येरोफेय', एकच नाव. शेवटी रांगेत उभं राहून हातात भाकर घेतली.

घेतली आणि तिथेच थबकली.

तिची मुद्रा येरोफेयने नासपतीच्या लाकडातून कोरलेली. एकदा ती फरशीवर पडली आणि क्रुसाच्या डाव्या हाताचं टोक उडालं. तेव्हापासून तिच्या प्रत्येक भाकरीवरचा क्रूस डावीकडे थोटा उठायचा. ह्या भाकरीवरचा क्रूस अखंड होता. आणि वरची चकती कलली होती, दारुड्याच्या टोपीसारखी.

"पुढे सरका, मावशी," मागून कोणीतरी म्हणालं.

ती सरकली. माणसं पांगेपर्यंत भिंतीशी उभी राहिली, मग फादर इन्नोकेंती मेणबत्त्या विझवत होते तिथे गेली. फादर तीस वर्षांचे, दाढी अजून विरळ. हातावरची भाकर तिने त्यांच्या नाकासमोर धरली.

"ही कुणाची?"

फादरनी भाकरीकडे बघितलं, मग जमिनीकडे. "तुमच्या येरोफेयच्या नावाची, उस्तिन्या सावेल्येव्ना."

"नाव येरोफेयचं. हात कुणाचा?"

फादर पुढची मेणबत्ती विझवायला वळले.

"फादर, मी तुमच्या आजीच्या वयाची. काल पस्तीस भाकरी दिल्या मी. कुठे आहेत त्या?"

फादरनी मागच्या खोलीचं दार उघडलं. चर्च तापवायच्या मोठ्या शेगडीशेजारी तिची टोपली, तिच्याच फडक्याखाली. पस्तीसच्या पस्तीस. पस्तीस थोटे क्रूस, प्रत्येक चकती सरळ, एकीला तडा नाही. इतक्या देखण्या भाकरी त्या गावात दुसरं कोणी करून दाखवावं!

"ह्यात काय खोट आहे?"

"तुम्हीच बघा."

तिने एक फोडली. खाल्ली. तोंडात कापूस फिरावा तशी फिरली. पण अलीकडे सगळंच तसं फिरत होतं. ती फादरच्या तोंडाकडे बघत राहिली. फादर हळूच म्हणाले, "रॉकेल."

"काय?"

"रॉकेलचा वास येतो. जानेवारीपासून. पहिल्या वेळी वाटलं, एखाद्याच आठवड्याचं असेल. मग पुढच्या आठवड्यातही तेच. वेदीवर कशी ठेवू?"

उस्तिन्या टोपलीच्या कडेला धरून उभी राहिली. हिवाळाभर वीज नव्हती. अख्खं गाव रॉकेलवर काढलं. डबा कोठीत होता. पिठाचं पोतंही कोठीत होतं. डबा झिरपत होता की काय, देव जाणे. रोज चार वेळा ती त्या कोठीत जात होती.

"मला वास येत नाही," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली. "नोव्हेंबरापासून."

"मला वाटलंच होतं."

"वाटलं होतं आणि बोलला नाहीत? पुरोहित झालात कशाला मग? चार महिने मी टोपली आणून देते आणि तुम्ही दारात हसून घेता! खोटं नाही हे?"

"खोटंच आहे," फादर म्हणाले. "मी भ्यायलो."

"कुणाला?"

"तुम्हाला."

तिने टोपलीकडे हात केला. "आणि ह्यांचं काय करत होता? कोंबड्यांना?"

"कोंबड्या खात नाहीत. प्रार्थना म्हणत शेगडीत घालतो, आणि राख सफरचंदाच्या मुळाशी, पाय पडणार नाही अशी." मग पोरगेलेपणाने त्यांच्या तोंडून निसटलंच, "जळतात मात्र छान."

आणि उस्तिन्याला आठवलं, ह्या हिवाळ्यात चर्च कधी नव्हे ते ऊबदार होतं. सगळ्या म्हणत होत्या.

तिने शेगडीच्या पायरीवर बसून घेतलं. फादरनी पाणी आणलं, तिने घेतलं नाही. "करतं कोण?" तिने विचारलं.

"नाव सांगणार नाही असा शब्द दिलाय मी."

"बरं. देवाला तरी सांगितलंय ना?"

फादर गेले. ती बसून राहिली. तिला रडू येईल असं वाटत होतं, पण आला तो राग, आणि राग तरी कुणावर धरायचा ते ठरेना. एकोणीस वर्षं ती म्हणत आली होती, मी देवासाठी करते, मला कुणाचं काही नको. मग आता जीव का जळतोय? रविवारी वेदीवर भाकर होती. दर रविवारी होती. देवाचं काही अडलं नव्हतं, नावं घेतली गेली होती, येरोफेयचंही घेतलं गेलं. अडलं होतं ते उस्तिन्या सावेल्येव्नाचं. म्हणजे एकोणीस वर्षांतली किती भाकर देवाची आणि किती तिची स्वतःची? हा हिशेब तिला झेपेना. तिने भिंतीवरच्या ख्रिस्ताच्या तसबिरीकडे बघून स्पष्ट विचारलं, "भाकर नाही, तर मी शनिवारी उठू कशाला?" तसबीर काही बोलली नाही. तसबिरींचं हे बरं असतं.

मग तिने हातातली ती कललेल्या टोपीची भाकर नीट बघितली. चकती डावीकडे कलली होती, म्हणजे करणारी उजव्या हाताने जोर देते, पीठ नवं आहे तिला. टोचलंय मात्र एकसारखं, बारीक. असं बारीक काम करायची सवय असलेले हात. तासन् तास गाजर काड्यांसारखं कापणारे हात.

आणि शनिवार. बाजारात शनिवारी क्लावदियाची जागा जानेवारीपासून रिकामी. उस्तिन्याने त्यावरूनही तिला टोचलं होतं, चार बायकांसमोर, "शनिवारी सुट्टी! आमच्या क्लावाने राजवाडा बांधलेला दिसतो." तेव्हाही क्लावदिया हसलीच होती.

ती उठली आणि थेट नोगायांच्या घरी गेली. दार वाजवलं नाही.

क्लावदिया मोरीशी हात घासत होती. खिडकीत पितळी मुद्रा वाळत घातलेली. क्लावदियाने आधी मुद्रेकडे बघितलं, मग उस्तिन्याकडे, आणि ओला हात पुसत म्हणाली, "बसा, मावशी. चहा टाकते."

"चहा नको. वरची चकती दाबताना तळहात वापर, बोटं नको. म्हणून कलते."

"बरं."

"आणि टोचून झाल्यावर ओल्या फडक्याखाली ठेवतेस का?"

"नाही."

"मग साल कडक होणारच. कोणी शिकवलं तुला?"

"तुमच्या खिडकीतून बघून शिकले," क्लावदिया म्हणाली. "गेल्या शरदात. दोन शनिवार. तुमच्या खिडकीला पडदा नाही."

उस्तिन्या बसली. चहा नको म्हणाली होती, पण पेला हातात आला तेव्हा धरला.

"बाजार का सोडलास शनिवारचा?"

"लसणामुळे. वास दोन दिवस जात नाही. शुक्रवारपासून हातच लावत नाही लसणाला. लिंबू, मीठ, मग राख, मग पुन्हा लिंबू. तुम्ही म्हणाला होतात ना, फाटकापासून येतो."

"क्लावा."

"आठवड्याची अर्धी विक्री शनिवारचीच असते, पण चालतंय. धाकटी कुरकुरते. तिला सांगितलंय, आईचे गुडघे दुखतात म्हणून."

"क्लावा, मला उपासकाळात वास येतच नव्हता," उस्तिन्या म्हणाली. "नोव्हेंबरापासून नाही. तुझा नाही, कशाचाच नाही. मी उगाच नाक धरलं. सवयीने."

क्लावदियाचे हात थांबले. ती बराच वेळ आपल्याच तळहातांकडे बघत होती. सालं निघाली होती, बोटं पेरांशी लाल झाली होती. लिंबाने आणि राखेने दुसरं काय होणार?

"म्हणजे येतच नसेल कदाचित," ती म्हणाली.

"काय माहीत? माझं नाक मेलंय, मला काय विचारतेस?"

क्लावदिया हसली नाही. पहिल्यांदाच हसली नाही. उस्तिन्याने पेला खाली ठेवला. तिला ते शब्द चांगले येत होते, दर शनिवारी म्हणायची. पण फोटोला म्हणणं वेगळं. फोटो तोंडाकडे बघत नाही.

"माफ कर, क्लावदिया."

ह्याला एकच उत्तर असतं, पोरंही पाठ म्हणतात. क्लावदियाने ते लगेच दिलं नाही. पेला उचलला, विसळला, पालथा घातला.

"देव माफ करील," ती शेवटी म्हणाली. "तो लवकर करतो. मला थोडा वेळ लागेल."

"लागू दे," उस्तिन्या म्हणाली, आणि मनात म्हणाली, ही बाई खरी आहे. तोंडावर लगेच माफ केलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

थोड्या वेळाने क्लावदियाच म्हणाली, "मावशी, माझ्याकडे या शनिवारी. पीठ तुम्ही मळा, मी वास घेत जाईन. तुमचे हात माझ्यापेक्षा चांगले. भाकर तुमचीच."

उस्तिन्या हो म्हणणार होती. अगदी जिभेवर आलं होतं. नवं पीठ, नवी जागा, मुद्रा येरोफेयची, आणि गावात कुणाला काही कळायचं नाही. संध्याकाळी टोपली घेऊन पुन्हा त्याच वाटेने जायचं. ह्याहून सोपं काय? "बघते," एवढंच म्हणून ती घरी आली.

सोमवार, मंगळवार ती तेच घोळवत बसली. बुधवारी रॉकेलचा डबा अंगणात काढला, पीठ शेजाऱ्याच्या डुकरांना दिलं, पण त्यांनीही नाक फिरवलं. गुरुवारी रांधताना तिच्या एकदम लक्षात आलं. क्लावा वास घेणार, म्हणजे क्लावा शनिवारी घरी. बाजारातली जागा तशीच रिकामी, धाकटी तशीच कुरकुरणार, हात तसेच सोललेले. फक्त टोपलीवर नाव पुन्हा उस्तिन्याचं. चार महिने त्या बाईने जे उचललं ते उचलतच राहायचं, आणि उस्तिन्याने वर फडकं घालायचं. ती स्वयंपाकघरातच मोठ्याने म्हणाली, "वा गं वा, उस्तिन्या!" आणि चमचा आपटला.

शुक्रवारी दुपारी ती क्लावदियाकडे गेली. "मुद्रा द्यायला आले नाही," हे आधी सांगितलं. येरोफेयची मुद्रा कुणाला द्यावी एवढं मन अजून मोठं झालं नव्हतं, आणि नसलेलं दाखवायचा तिला कंटाळा आला होता. "तुझी पितळी आहे ती वापर. कोशिंबीर कशी करतात ते सांग."

"कोशिंबीर?"

"गाजर तू काप. लसूण, शिरका, तिखट, तेल मी करते. शनिवारी तुझ्या जागेवर मी बसणार."

"तुम्ही? लसणात?"

"मला काय फरक पडतो? मला वास येत नाही."

क्लावदिया तिच्याकडे बघत राहिली. मग हसली. नेहमीसारखी नाही, पोटातून. हसताहसता पाटावर बसली. "मावशी, तुम्हाला चवही येत नाही. मीठ कसं कळेल?"

"वाटीने मोजीन. आणि चूक झाली तर गिऱ्हाईक सांगेल. गिऱ्हाईकाला तोंड असतं."

"तुम्ही गिऱ्हाईकाशी भांडाल."

"भांडेन. भांडणारीकडे गर्दी जास्त होते, तुला बाजाराचं काय कळतंय?"

शनिवारी पहाटे उस्तिन्या सवयीने उठली. फोटोकडे बघितलं, माफी मागितली, बाह्या वर सारल्या. परात नव्हती. मोठं पातेलं होतं, केशरी गाजरांनी भरलेलं. तिने त्यात ठेचलेला लसूण घातला, तिखट घातलं, वरून कडकडीत तेल ओतलं, ते चरचरलं, आणि दोन्ही हातांनी ती कालवू लागली. पीठ मळताना म्हणायची ती प्रार्थना तोंडातून आपोआप निघाली, प्रभू येशू, मज पाप्यावर दया कर. मध्येच ती थांबली. कोशिंबिरीवर चालते का ही? फादरना विचारायला हवं होतं. मग म्हणाली, चालत असेल, आणि पुढे म्हणत राहिली.

बाजारात क्लावदियाच्या जागी तिला बघून शेजारची मासळीवाली तोंडात बोट घालून राहिली. उस्तिन्याने टेबल पुसलं, पातेलं मांडलं आणि खणखणीत आवाज लावला. नऊपर्यंत पाव पातेलं संपलं. एक म्हातारा म्हणाला मीठ कमी, तिने त्याच्यासमोरच चिमूट टाकली आणि म्हणाली, "आता जास्त झालं तर तुमच्यामुळे." तो तरीही घेऊन गेला.

दहाच्या सुमारास तिचे हात क्षणभर थांबले. आता क्लावा वरची चकती दाबत असेल. तळहाताने दाबते आहे की पुन्हा बोटांनी? उठून बघून यावं असं तिला फार वाटलं. बाजारापासून ते घर दहा मिनिटांवर. ती उठली नाही.

समोर कझाक म्हातारी उभी होती, शाल डोक्यावरून घेतलेली, हातात रिकामा डबा. "क्लावा कुठे गं?" तिने विचारलं. "इतक्या शनिवारांनी आज माल दिसला, आणि तीच नाही?"

"कामात आहे."

"शनिवारी कसलं काम?"

वेदीची भाकर, हे शब्द उस्तिन्याच्या ओठांपर्यंत आले. एकोणीस वर्षं ते तिथेच राहायला होते, वाट माहीत होती त्यांना. म्हातारी कान देऊन वाट बघत होती.

"असेल काहीतरी घरचं," उस्तिन्या म्हणाली. "डबा पुढे करा, आजी. अर्धा किलो देऊ की पुरा?"